भांग कोणाला मानवत नाही?

"चांगलं आहे हो. पण मानवतं का?"

हे विचारताना काका चष्मा काढून हातात धरत आणि समोरच्या वस्तूकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत. वस्तू कोणतीही असो: ऑफिसातली नवी खुर्ची, मशीनमधली कॉफी, कोणाचा तरी होणारा जावई. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे, त्यामुळे त्या पाहण्याचा तसा उपयोग नव्हता. पण तेवढं केल्याशिवाय ते कशाबद्दलही मत देत नसत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं ऑफिस फार वेगाने चालत असणार.

आमचं ऑफिस म्हणजे नोएडातली एक लॅब. आम्ही लोकांची लाळ घेतो आणि कोणतं औषध कोणाला कसं लागू पडेल ते त्यांच्या जनुकांवरून सांगतो. म्हणजे सांगण्याचा प्रयत्न करतो. माझं काम रिपोर्ट समजावून द्यायचं. त्यांचं काम त्याच्या आधीचं: रुग्णाला समोर बसवून घराण्याची सगळी माहिती फॉर्मात भरायची. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात जन्मभर रेकॉर्ड सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि जनुकशास्त्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आमच्या मॅडमनी त्यांना घेतलं ते एवढ्याचसाठी, की त्यांच्या टेबलासमोर बसलेला माणूस आपोआप खरं बोलायला लागे. "रेकॉर्डमध्ये एकदा चुकीचं गेलं की पुढची तीस वर्षं चुकीचंच बाहेर येतं," असं ते म्हणत. सगळे त्यांना अंकलजी म्हणत, मी काका म्हणे. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय पुणेकर," म्हणायचे.

वंशावळीच्या आमच्या फॉर्मात पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल आणि वारलेल्या माणसावर तिरकी रेघ, अशी जगभरची पद्धत आहे. काकांनी रेघ मारायला पहिल्याच दिवशी नकार दिला. माणूस वारला म्हणून त्याच्यावर काट मारायची, हे त्यांना पटेना. ते चौकोनाशेजारी बारीक अक्षरात 'कै.' लिहीत. फॉर्म कॉम्प्युटरवर चढवणारी मुलगी गाझियाबादची. तिला वाटलं, हे आजाराचं नाव. पुढचे दोन महिने आमच्या सिस्टिममध्ये उत्तर भारतातल्या कित्येक घराण्यांत 'कै' नावाचा एक आजार पसरत होता आणि तो बहुधा आजोबांना होत होता.

'मानवणं' या शब्दावर त्यांचा फार जीव. माझ्या मुलीला तो शब्द माहीत नाही. ती इथेच वाढली. "आई, मला वांगं सूट नाही करत," म्हणते. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते खरोखर खिन्न झाले. त्यांचं म्हणणं असं, की पदार्थ चांगला असतो, माणूसही चांगला असतो, तरी दोघांचं जुळत नाही आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. हे सगळं एका क्रियापदात सांगणारी आपली भाषा, आणि पोरं ती सूटकेससारखी बाहेर ठेवतात. रुग्णांना हा शब्द हिंदीत कसा विचारायचा, हा त्यांचा कायमचा पेच होता. "घर में किसी को कोई चीज़ जमती नहीं?" असं ते विचारून पाहत. बायका लगेच सुनांबद्दल बोलायला लागायच्या. ते तेही लिहून घेत.

दर जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला. एका वर्षी मीही गेले. वक्त्यांनी तासभर लढाई सांगितली, कुठे तोफा, कुठे रसद, कोणाचं काय चुकलं. नंतर सगळे धुक्यात कुडकुडत गुळाची पोळी खात बसलो. काकांनी चष्मा काढून स्मारकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "थंडी मानवली नाही आपल्या लोकांना." मग त्यांनी स्वतःचा मफलर सोडला आणि शेजारी बसलेल्या काकूंच्या उजव्या खांद्यावर नीट घडी करून ठेवला. काकूंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या डाव्या हाताने पोळी खात होत्या.

काकूंना आदल्या वर्षी नागीण झाली होती, मानेपासून उजव्या खांद्यावर. पुरळ तीन आठवड्यांत गेलं, पण आतली आग गेली नाही. असं होतं काहींना. नसा दुखऱ्या राहतात. "नागीण गेली गं, शेपूट विसरली," काकू म्हणाल्या. खांद्याला पदर लागला तरी त्यांच्या अंगावर शहारा येई. हात छातीच्या वर जात नसे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. एकीने पाय सुजले, दुसरीने तोंड कोरडं पडलं आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. मुलगा बंगळुरूला. घरात दोघंच.

काकूंचे केस अजून दाट होते. ते विंचरायला हात डोक्यावर जावा लागतो, ही गोष्ट हात जातोय तोवर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून रोज सकाळी काका त्यांची वेणी घालत. काका ऑफिसात दहाऐवजी दहा वीसला का येतात, ते मला असं कळलं. वेणी त्यांना बरी जमायला लागली होती. भांग मात्र जमत नव्हता. चष्मा लावला तर जवळचं धूसर दिसे, काढला तर फणी दिसे आणि भांगाचं टोक दिसत नसे. भांग कपाळाच्या मध्यावर सुरू होऊन टाळूपर्यंत पोचेस्तोवर चांगला दोन बोटं डावीकडे सरकलेला असायचा. काकू आरशात बघत आणि तसाच राहू देत. एकदाच मला म्हणाल्या, "मला बाकी काही नको. माझा भांग मला पाडता आला पाहिजे."

तर हा झाला एक भांग. आता दुसरी.

आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. तिच्या पानांच्या अर्काचं तेल वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं, कायद्याने मिळतं, आणि अलीकडे आमच्याकडे ते घेणारे बरेच लोक चाचणीला येत. येत म्हणजे चोरून येत. एक निवृत्त मोठे अधिकारी गाडी दोन गल्ल्या सोडून लावायचे आणि टोपी घालून यायचे. सगळ्यांचा प्रश्न एकच असे: शेजाऱ्याला याच थेंबांनी गुण आला, मला का नाही? किंवा, शेजारी हे घेऊन मजेत फिरायला जातो, मी घेतलं तर भिंत धरून का बसतो?

काकांचं उत्तर दोन भागांत असे. पहिला भाग झाडाचा. "हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही. आंबा येईल, कुठला ते देव जाणे. भांगेचंही तसंच. एका झाडात चढवणारा भाग जास्त, दुसऱ्यात न चढवणारा जास्त. हे झाडाच्या रक्तातच असतं. तेव्हा शेजाऱ्याची बाटली आणि तुमची बाटली एकच आहे का, ते आधी लेबलावर बघा." दुसरा भाग माणसाचा. यकृतात औषधं मोडून पुढे पाठवणारी एन्झाइमं असतात. काका त्यांना बाबू म्हणत. "काही घराण्यांत हा बाबू पिढीजात संथ असतो. फाइल पुढे सरकतच नाही. तुम्ही आज एक पाठवली, उद्या दुसरी, परवा तिसरी. त्याच्या टेबलावर नुसता ढीग. मग तिसऱ्या दिवशी ढीग कोसळतो." सरकारी नोकरीतले रुग्ण हे ऐकून मान डोलवत. त्यांना यापुढे काही समजावावं लागत नसे.

आणि शेवटी ते एक वाक्य सांगत, जे मी त्यांच्याकडून घेतलं आणि आजही वापरते. "रिपोर्ट एवढंच सांगतो, की औषध अंगात किती वेळ राहील. दुखणं जाईल का, ते तो सांगत नाही." वय असतं, बाकीची औषधं असतात, जेवण असतं, आणि जे आपल्याला माहीतच नाही ते असतं. लोकांना हे आवडत नसे, पण काकांनी सांगितलं की ते भांडत नसत.

मग मॅडमच्या डोक्यात आलं, की दिल्लीतल्या मराठी घरांमधून माहिती गोळा करावी. काकांनी उत्साहाने मराठी फॉर्म तयार केला आणि पहाडगंजात आमच्या मंडळाचा कार्यक्रम होता तिथे वाटला. प्रश्न त्यांनी स्वतः घोळून घोळून लिहिला होता: 'आपल्या घरात भांग कोणाला मानवत नाही?'

अकरा फॉर्म भरून आले. अकराही केसांबद्दल होते.

'मला मधला भांग मानवत नाही, कपाळ मोठं दिसतं.' 'सासूबाईंना कुठलाच मानवत नाही, विरळ झाले आहेत.' एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'प्रश्न उरला नाही.' सभ्य मराठी माणसाला मंडळाच्या कार्यक्रमात भांग म्हटलं की केसच आठवणार, दुसरं काय आठवणार?

काकांनी फॉर्म पुढ्यात घेऊन चष्मा काढला. ते व्याकरणाचे पक्के. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, की खरं तर मराठीत ही अडचण यायला नको. नशेची ती भांग, केसांचा तो भांग. ती चढते, तो पडतो. क्रियापद लगेच सांगून टाकतं. पण 'मानवत नाही' म्हटलं की ती का तो, कळायला मार्ग नाही. त्यांच्याच लाडक्या शब्दाने त्यांना तोंडघशी पाडलं होतं. आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि गाझियाबादच्या मुलीला हे हिंदीत समजावण्यात अर्धा दिवस गेला.

बारावं उत्तर त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर आलं. ते ग्वाल्हेरहून होतं, काकूंच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. काकूंना वैद्यांनी विजयाचं तेल सुचवलं होतं आणि सुरू करण्याआधी माहेरची चौकशी करायला सांगितली होती. काकांनी वेगळा मजकूर कशाला लिहायचा म्हणून फॉर्मातलाच प्रश्न अक्कांना पाठवला होता. अक्कांचं उत्तर असं होतं: 'आईला भांग मानवत नसे. डोकं धरून बसायची.'

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "अक्काही त्यातल्याच निघाल्या," म्हणाले. मी वाचलं आणि म्हणाले, "घट्ट वेणी घालत असतील, काका. माझ्या आजीचंही तसंच होतं." आम्ही पुन्हा हसलो. हे मी मुद्दाम सांगतेय. त्या हसण्यात मीही होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी फॉर्म सुधारला, 'विजया' असा शब्द घातला आणि अकरा जणांना फोन करून नव्याने माहिती घेतली. अक्कांना केला नाही. घरच्या माणसाला एकच गोष्ट दोनदा काय विचारायची, असं वाटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे असलं कोणी घेत नसे. वैद्यांच्या कागदावर माहेरच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'काही नाही.' घर स्वच्छ आहे म्हटल्यावर लाळेची चाचणीही राहिली.

वैद्यांनी नेहमीच्या मात्रेने सुरुवात केली. पहिल्या दिवशी काकूंना काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या जरा सुस्त होत्या आणि खांदा कमी दुखतोय म्हणाल्या. काकांनी तो दिवस ऑफिसात शिट्टी वाजवत काढला. तिसऱ्या दिवशी सकाळचे थेंब घेऊन काकू झोपल्या त्या चौथ्या दिवशी उठल्या, आणि उठल्या त्या मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या. कपाळाला चार टाके पडले, बरोबर जिथून भांग सुरू होतो तिथे.

दवाखान्यातून काकांनी अक्कांना फोन केला, पडल्याचं कळवायला. अक्का म्हणाल्या, "अहो, पण मी लिहिलं होतं की. आईने एकदा शिवरात्रीला शेजाऱ्यांकडची ठंडाई घेतली, ती दोन दिवस उठली नाही. ही तेव्हा पाळण्यात होती. मामाचंही तसंच व्हायचं."

दुसऱ्या दिवशी काका दहाच्या ठोक्याला आले. वेणी घातली नव्हती म्हणून वेळेवर आले. खुर्चीत बसले, अक्कांचा तो मेसेज काढला आणि मला दाखवून म्हणाले, "नसे. यातही कळत नाही. नव्हती लिहिलं असतं तर कळलं असतं." मी म्हणाले, काका, वाचला मीही होता. ते म्हणाले, "रेकॉर्डवर सही माझी आहे." मला रडू आलं, आणि ते त्यांना आवडत नसे म्हणून मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

काकूंची लाळ त्यांनी स्वतः आणली. फॉर्मही स्वतः भरला. त्यात ग्वाल्हेरच्या सासूबाईंचा गोल, शेजारी 'कै.', खाली 'भांग मानवली नाही'. 'मानवली'खाली त्यांनी दोनदा रेघ ओढली होती. रिपोर्ट आला तो अपेक्षेप्रमाणेच. काकूंच्या यकृतातला तो बाबू अगदी संथ होता, आणि दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडूनही आणि वडलांकडूनही. चढवणारा भाग त्यांच्या अंगात इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ राहणार होता.

रिपोर्ट समजावून देणं माझं काम, म्हणून काका टेबलाच्या रुग्णांच्या बाजूला बसले. मी सगळं सांगितलं, जसं कोणालाही सांगते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. मग विचारलं, "म्हणजे आता मात्रा कमी केली की तिला बरं वाटेल ना?"

मी रिपोर्ट मिटला. मग म्हणाले, "काका, रिपोर्ट एवढंच सांगतो, की औषध अंगात किती वेळ राहील."

"हं."

"दुखणं जाईल का, ते..."

"ते वाक्य माझंच आहे," काका म्हणाले. "या बाजूने ऐकायला बरं नाही." आणि उठून आपल्या टेबलावर गेले. पुढच्या रुग्णाला त्यांनी पाणी विचारलं, जे ते कधी विचारत नसत.

आता सगळं काकूंवर होतं, आणि काकूंनी बाटलीला हात लावायचं नाही असं ठरवलं होतं. मी रविवारी भेटायला गेले तर टाक्यांवर पट्टी, आणि केस नुसते मागे बांधलेले. भांग पाडायचा तर फणी टाक्यांवरून जायची. काकूंचा राग औषधावर नव्हता. "दोन दिवस मी कुठे होते ते मलाच माहीत नाही," म्हणाल्या. "दुखतं तेव्हा निदान मी असते तरी." काका स्वयंपाकघरात चहा करत होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांनी काकूंना एकदाही आग्रह केला नाही. ज्याला आयुष्यभर 'मानवतं का' विचारायची सवय, तो घे म्हणून सांगणार कसा? बाटली ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी उभी होती.

सहा आठवडे ती तिथेच होती. मग एका संध्याकाळी चहा घेताना काकूंनी विचारलं, "किती थेंब म्हणाले?"

"एक," काका म्हणाले. "तोसुद्धा दोन दिवसांआड."

"एका थेंबाने काय होतंय?"

"माहीत नाही."

काकूंनी मला नंतर सांगितलं, की ते 'माहीत नाही' म्हणाले म्हणून मी हो म्हटलं. 'बरं वाटेल' म्हणाले असते तर घेतला नसता.

बाटलीही आता वेगळी होती, न चढवणारा भाग जास्त असलेली. वैद्य आणि दुखण्याचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ती ठरवली. त्या दोघांना एकाच फोनवर आणायला काकांना अकरा दिवस लागले. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघा मारायला सुरुवात केली, मुलांची उंची मोजतात तशा. काकूंनी चौकटीला टेकून उजवा हात दुखेपर्यंत वर न्यायचा, तिथे रेघ. पहिली रेघ छातीच्या खाली होती. शेजारी बारीक अक्षरात तारीख आणि शेरा. मी जाऊन वाचून आले. 'पूर्वीप्रमाणे.' 'पूर्वीप्रमाणे.' 'अर्धं बोट वर, परंतु त्या दिवशी ऊन होते.' 'खाली आला. थंडी.' अख्ख्या आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर रेकॉर्ड दुसरं ठेवलं नसेल.

हिवाळा संपेस्तोवर रेघ खांद्यापर्यंत आली. उन्हाळ्यात कानापर्यंत. तेलाने की आपोआप, हे कोणी सांगू शकत नव्हतं. नागिणीचं शेपूट कधीकधी आपलं आपणही जातं, हे काका स्वतःच सांगत. पण कानाच्या रेघेच्या दिवशी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे दिले, टोपीवाल्या अधिकाऱ्यांनासुद्धा. "पेढ्यात काही नाही ना?" असं त्यांनी कुजबुजत विचारलं. काका म्हणाले, "साखर आहे. आपको जमती है ना?"

भांग अजून काकाच पाडत होते. कान आणि टाळू यांच्यात वीतभर अंतर असतं. ते दहा वीसलाच येत होते आणि भांग डावीकडेच जात होता. आता तो जखमेच्या खुणेवरून सुरू व्हायचा आणि तिथून सुटायचा.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी दहा वीस झाले, अकरा झाले, काका आले नाहीत. सकाळी काकूंची वेणी घालून झाली, चहा झाला आणि कपबशी विसळायला म्हणून ते उठले ते तिथेच खाली बसले. डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी आम्ही पोचलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांची वेणी जशीच्या तशी होती. शेजारच्या बायका रिवाजाप्रमाणे त्यांना केस सोडायला सांगत होत्या. त्या हात लावू देत नव्हत्या.

ऑफिसात त्यांच्या टेबलावर आता एक टॅब आहे. रुग्ण त्याच्यावर स्वतःच घराण्याची माहिती भरतात आणि पटापट भरतात. 'कै.'साठी त्यात सोय नाही. काकूंच्या फॉर्मात काकांच्या चौकोनावर काय करायचं, ते गाझियाबादच्या मुलीने मला विचारलं. मग तिने स्वतःच पेन घेतलं आणि शेजारी मराठीत 'कै.' लिहिलं. 'क'वरच्या मात्रा मोजून दोन दिल्या.

दिवाळीनंतर मी काकूंकडे गेले. आधी कळवलं नव्हतं. दार त्यांनीच उघडलं. केस विंचरलेले, वेणी घातलेली, आणि भांग कपाळावरच्या खुणेपासून सुरू होऊन टाळूपर्यंत जाताना दोन बोटं डावीकडे सरकलेला. मला वाटलं, शेजारच्या कोणी तरी येऊन घालून देत असतील. पाणी आणायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. चौकटीवर कानाच्या रेघेच्या वर, वीतभर वर, एक नवी रेघ होती. तिच्या शेजारी तारीख नव्हती आणि शेराही नव्हता.

"काकू, हात जातो?"

काकूंनी उजवा हात उचलला, सावकाश, तोंड किंचित वाकडं करून, आणि टाळूवर ठेवला. मग फणी धरल्यासारखी बोटं कपाळापर्यंत आणली.

"गणपतीपासून जातो," म्हणाल्या.

मी त्यांच्या भांगाकडे पाहत राहिले. मी काय पाहतेय ते त्यांना कळलं. त्यांनी हात खाली घेतला, पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

"सरळ पाडून बघितला गं दोन दिवस," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "नाही मानवला."